रंगाची साक्ष

अग्नीची धग दुरून लागते, विषाची चव बहुधा जिभेला कळते, सडलेल्या अन्नाची वार्ता नाकाला अगोदर मिळते. मनुष्याच्या शरीराला इजा करणाऱ्या बहुतेक गोष्टींविषयी त्याला सावध करण्याची काही ना काही व्यवस्था निसर्गाने केलेली आहे. क्ष-किरण आणि गॅमा किरण मात्र या व्यवस्थेच्या बाहेरचे आहेत. ते अंगातून आरपार जातात तेव्हा ना ऊब जाणवते, ना वेदना होते, ना काही दिसते. ज्या किरणांचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागला, त्यांची मात्रा किती हे ओळखावयाचे कसे, हा प्रश्न म्हणूनच फार कठीण होता. या प्रश्नाला मनुष्याने जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांतील एक फार जुने आणि आजही जिवंत असलेले उत्तर म्हणजे रंग. किरण दिसत नाहीत. परंतु ते ज्या वस्तूतून जातात तिचा रंग पालटतो, आणि त्या पालटावरून त्यांची मात्रा सांगता येते. आज हे काम बहुतांशी प्लॅस्टिकच्या लहानशा तुकड्यावर सोपविलेले आहे. पण प्लॅस्टिकच्या आधी ते कोणी केले, हा इतिहास त्या तुकड्यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारा आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्‌झबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरण आढळले, आणि काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांतून क्ष-किरणांच्या नळ्या दिसू लागल्या. या नळ्या लहरी असत. आज जेवढे किरण निघाले तेवढे उद्या निघतील याची शाश्वती नसे. तेव्हा रोग्याला नळीसमोर बसविण्यापूर्वी डॉक्टर आपलाच हात नळी आणि चकाकणारा पडदा यांच्यामध्ये धरीत आणि हाडांची छाया कितपत स्पष्ट उमटते ते पाहून नळीची पारख करीत. दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षे हे चाले. मात्रा मोजण्याचे पहिले मानही मानवी त्वचेवरच आधारलेले होते. जेवढ्या किरणांनी कातडी लाल होते तेवढी एक मात्रा, असा तो हिशेब होता. या मापात दोष असा की ते फार उशिरा बोलते. कातडीवरची खरी लाली येण्यास कित्येक दिवस लागतात. ती दिसू लागेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

१९०१ साली आंरी बेकरेल यांनी रेडियमयुक्त क्षाराची नळी अंगातल्या जाकिटाच्या खिशात बाळगली आणि काही दिवसांनी खिशाखालच्या कातडीवर व्रण उठला. पिएर क्यूरी यांनी त्याच सुमारास जाणूनबुजून आपल्या दंडावर रेडियम बांधून घेतले, आणि कातडी प्रथम लाल कशी झाली, मग तिचा व्रण कसा झाला आणि तो भरून येण्यास किती काळ लागला याची शास्त्रीय नोंद केली. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली ते मरण पावले. एडिसन यांनी क्ष-किरणांवरील आपले काम सोडून दिले. वस्तुतः किरणोत्सर्गाच्या इतिहासातील पहिला शोधक, म्हणजे किरणांची खूण आपल्या अंगावर उमटवून घेणारा पहिला पदार्थ, मनुष्याची त्वचा हाच होय. पुढील सारा इतिहास हा तो भार त्वचेवरून दुसऱ्या कशावर तरी टाकण्याचा इतिहास आहे.

दुसरे काहीतरी असू शकते याची चाहूल क्यूरी दांपत्याला १८९९ सालीच लागली होती. रेडियमचे क्षार ज्या काचेच्या भांड्यांत ठेवीत, ती भांडी हळूहळू जांभळी पडत. काच तीच, क्षार तोच, पण काळ जसजसा लोटे तसतसा रंग गडद होत जाई. बेरियम प्लॅटिनोसायनाइड या स्फटिकाचाही रंग रेडियमच्या सान्निध्यात पालटतो, हेही त्यांनी त्याच वर्षी नोंदविले. कारण पुढे कळले. किरण पदार्थातून जाताना अणूंतील इलेक्ट्रॉन जागचे हलवितो. ते इलेक्ट्रॉन काचेतील एखाद्या रिकाम्या जागी अडकून पडतात, आणि अशा अडकलेल्या जागा प्रकाशातील ठराविक रंग शोषून घेऊ लागतात. काचेत मँगनीजचा अंश असेल तर ती जांभळी होते, अन्यथा पुष्कळदा तपकिरी होते. काच तापविली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रंग नाहीसा होतो. काचेची ही स्मृती आहे खरी, पण ती उष्णतेने पुसली जाणारी आहे.

या निरीक्षणाचा वैद्यकाने लगेच उपयोग करून घेतला. व्हिएन्नाचे डॉक्टर गिडो होल्ट्‌झ्‌क्नेश्ट यांनी १९०२ साली किरणांनी रंग पालटणाऱ्या क्षाराच्या वड्या आणि त्यांच्याशी ताडून पाहावयाची रंगपट्टी असे एक मापक तयार केले. १९०४ साली पॅरिसमध्ये साबुरो आणि न्वारे या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याहून सुटसुटीत युक्ती काढली. बेरियम प्लॅटिनोसायनाइडची एक लहान चकती नळी आणि रोग्याची त्वचा यांच्या बरोबर मध्यावर ठेवावयाची. मुळात हिरवट असलेली ही चकती तपकिरी छटेकडे झुकत जाई. ती सोबतच्या नमुन्याच्या छटेशी जुळली की डोक्यावरील केस गळून पडण्याइतकी मात्रा पोहोचली असे समजून नळी बंद करावयाची. मापन संपल्यावर चकती उजेडात ठेवली की ती पुन्हा हिरवी होई आणि दुसऱ्या रोग्यासाठी उपयोगी पडे. पण हाच तिचा दोषही होता. काम चालू असताना दिवसाचा उजेड तिच्यावर पडला तर ती शिकलेला धडा विसरू लागे, आणि डॉक्टरांना रंग खरा वाटला तरी मात्रा अधिक गेलेली असे.

ही चकती कशासाठी वापरली जाई तेही पाहिले पाहिजे. मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण ही त्या काळी शाळाशाळांतून पसरणारी, मुलांना महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवणारी व्याधी होती. केस मुळापासून गळून पडले तरच ती बरी होई, आणि क्ष-किरणांनी केस वेदनेवाचून गळत. साबुरो-न्वारे यांच्या चकतीमुळे हा उपचार मापात आला, भाजण्याचे प्रसंग कमी झाले, आणि पुढील अर्धशतक जगभर असंख्य मुलांवर तो केला गेला. १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटी तोंडाने घेण्याचे गुणकारी औषध निघाले तेव्हा तो बंद पडत गेला. त्यानंतर १९७४ साली इस्रायलमध्ये, लहानपणी हा उपचार झालेल्या सुमारे ११,००० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यात मेंदूच्या आणि कंठग्रंथीच्या गाठींचे प्रमाण इतरांपेक्षा निश्चित अधिक आढळले. चकतीने, आणि तिच्यामागून आलेल्या अधिक अचूक उपकरणांनी, मात्रा खोटी सांगितली असे नव्हे. केस गळण्यास किती किरण पुरतात हे त्यांनी बरोबर सांगितले. वीस-तीस वर्षांनी त्या मुलाचे काय होईल, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मोजमापाच्या इतिहासात हा भेद सदैव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साक्षीदार विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

होल्ट्‌झ्‌क्नेश्ट यांनी इतरांसाठी मापक बनविला, पण स्वतःचे हात त्यांना वाचविता आले नाहीत. किरणांनी झालेल्या इजेपायी त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९३१ साली त्यांचा अंत झाला. १९३६ साली हँबुर्गमधील सेंट गेओर्ग रुग्णालयाच्या आवारात क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभे राहिले. त्यावर आरंभी १६९ नावे कोरली होती; पुढे त्यांत भर पडत गेली.

मधल्या काळात शास्त्र पुढे गेले होते. १९२८ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘राँटगेन’ हे मान स्वीकारले गेले. किरणांमुळे हवेत किती विद्युत्‌भार निर्माण होतो त्यावर ते आधारलेले होते. डोळ्यांनी छटा जुळविण्यापेक्षा सुईचा काटा वाचणे अधिक खात्रीचे, यात शंका नव्हती. रंगाची कामगिरी संपली असे वाटावे अशी ही वेळ होती. तथापि एका बाजूला रसायनशास्त्रज्ञांनी तो धागा सोडला नव्हता. १९२७ साली ह्यूगो फ्रिके यांनी हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, आम्लयुक्त द्रावण मापनासाठी पुढे आणले. किरणांनी त्यातील लोहाचे रूप पालटते आणि द्रावण अतिनील प्रकाश अधिकाधिक शोषू लागते. हा पालट डोळ्यांनी पाहावयाचा नसून उपकरणाने मोजावयाचा होता. रंगाची साक्ष माणसाच्या नजरेवर अवलंबून न ठेवता ती अंकांत मांडण्याची ही सुरुवात होय.

प्लॅस्टिकचा प्रवेश झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि एका नव्या गरजेपोटी. अणुभट्ट्यांमुळे कोबाल्ट-६० सारखे प्रखर स्रोत मुबलक मिळू लागले. शस्त्रक्रियेचे दोरे, सुया, हातमोजे यांचे निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी करता येईल हे दिसून आले. यासाठी रूढ झालेली मात्रा २५,००० ग्रे इतकी आहे. एक किलो वस्तुमानात एक जूल ऊर्जा मुरली की ती एक ग्रे मात्रा होय. सर्व शरीराला ४ ते ५ ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाला नाही, तर निम्मी माणसे दगावतात. यावरून २५,००० या आकड्याची कल्पना यावी. अशा ठिकाणी सीलबंद खोक्याच्या पोटात, मालाच्या बरोबरीने फिरणारे, स्वस्त आणि निर्जीव असे काहीतरी हवे होते.

परस्पेक्स या नावाने ओळखले जाणारे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले होते. १९५८ साली बोग, डॉल्फिन आणि रोटब्लाट या तिघांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या साह्याने मात्रा कशी मोजावी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. किरण लागलेले परस्पेक्स डोळ्यांना फारसे बदललेले दिसले नाही तरी अतिनील प्रकाशाला ते अडवू लागते, आणि ही अडवणूक मात्रेबरोबर वाढत जाते, हे त्यातील सूत्र होते. यांतील जोसेफ रोटब्लाट हे अणुबाँबच्या प्रकल्पातून १९४४ च्या अखेरीस सदसद्‌विवेकाला स्मरून बाहेर पडलेले शास्त्रज्ञ. पुढे ते लंडनमधील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि १९९५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना व पग्वॉश परिषदांना मिळून मिळाले. बाँबच्या वाटेवरून परतलेला मनुष्य प्लॅस्टिकच्या पट्टीवर किरणांची मोजदाद करतो, हा योगायोग इतिहासाने न विसरण्याजोगा आहे.

नंतर याच प्लॅस्टिकमध्ये रंगद्रव्य मिसळून इंग्लंडमधील हार्वेल येथे तांबड्या आणि अंबरी रंगाच्या पट्ट्या निघाल्या. तांबडी पट्टी सुमारे ५,००० ते ५०,००० ग्रे या मर्यादेत मापनाला उपयोगी पडते. मात्रा वाढते तशी ती काळवंडत जाते. ६४० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी ती किती शोषते हे उपकरणाने पाहून, त्याला पट्टीच्या जाडीने भागून, मात्रा काढतात. काचेत इलेक्ट्रॉन अडकतात. प्लॅस्टिकमध्ये त्याच्या पुढचे घडते. प्लॅस्टिक म्हणजे सहस्रावधी लहान रेणूंची सलग साखळी. किरण या साखळीतील बंध तोडतो, तुटलेली टोके अत्यंत अस्वस्थ असतात, ती शेजाऱ्याशी जोडली जातात किंवा हवेतील प्राणवायूला धरतात, आणि या उलथापालथीत प्रकाश शोषणाऱ्या नव्या रचना तयार होतात. म्हणून बहुतेक प्लॅस्टिके किरणांनी प्रथम पिवळी पडतात. पी. व्ही. सी. हे याचे ठळक उदाहरण. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटत जाते, साखळीत दुहेरी बंधांची रांग तयार होते, आणि नळी पिवळी, मग तपकिरी दिसू लागते. पॉलिस्टायरीनमध्ये बेंझिनची कडी असल्याने ते आघाताची ऊर्जा बरीचशी पचविते आणि अधिक टिकते.

आपल्या देशात हे तंत्र १९७४ साली तुर्भे येथे सुरू झालेल्या ‘आयसोमेड’ या निर्जंतुकीकरण केंद्राच्या रूपाने रुजले. पुढे लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरणप्रक्रियेचे केंद्र उभे राहिले, आणि २००७ साली तेथून प्रक्रिया झालेला हापूस आंबा अमेरिकेस गेला. कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. आंब्यातील किडीसाठी निदान ४०० ग्रे लागतात. शस्त्रक्रियेच्या साहित्याला २५,०००. प्रत्येक कामाला मात्रा निराळी आणि म्हणून साक्षीदारही निराळा. अशा केंद्रांतील खोक्यांवर पिवळ्याची तांबडी होणारी चिकटपट्टी लावतात. ती फक्त एवढेच सांगते, की हे खोके किरणांसमोरून गेले आहे. किती मात्रा मिळाली हे तिला विचारू नये. ते खोक्याच्या आतील मापकाने सांगावयाचे. रोग्याच्या शरीरात जाणारी सुई निर्जंतुक आहे की नाही, हे या दोन साक्षींमधील फरक ओळखण्यावर अवलंबून असते.

जो रंग येथे हवाहवासा आहे, तोच अन्यत्र वैरी ठरतो. १९५० साली शॉर आणि टॉर्नी यांनी दाखविले की पॉलिस्टायरीनमध्ये योग्य द्रव्य मिसळले, तर त्यातून कण जाताच ते क्षणभर निळसर चमकते. ही चमक टिपून कणाची वर्दी मिळते. अशा प्लॅस्टिकला ‘सिंटिलेटर’ म्हणतात. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे ७,६०० फूट खोलीवर टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरॅम या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी असे प्लॅस्टिक मांडून ठेवले होते. १९६५ साली वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोची चाहूल प्रथम लागली त्यांत त्या प्रयोगाचा मान आहे. पृथ्वीच्या पोटातील त्या शांततेत प्लॅस्टिकला भय नव्हते. महिनोन्‌महिने वाट पाहावी तेव्हा एखादा कण येई.

जिनिव्हाजवळील सर्न येथील महाकाय त्वरकात परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथील ‘सी. एम. एस.’ या शोधकातही प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या फरशा बसविल्या होत्या. त्याच्या बाहेरच्या एका थराची उभारणी भारतीय संस्थांनी केली आहे. २०१० नंतरच्या पहिल्याच पर्वात कणशलाकेजवळच्या फरशांमधून येणारा प्रकाश घटत चालल्याचे मोजमापांत दिसून आले. किरणांनी प्लॅस्टिक पिवळे पडते, आणि पिवळी वस्तू म्हणजे निळा प्रकाश गिळणारी वस्तू. सिंटिलेटरची चमक तर निळीच. म्हणजे जो कण शोधावयाचा, त्याच्याच बांधवांनी शोधकाचे डोळे अधू करावेत असा हा प्रकार. यावर एक तोड अशी सुचली, की चमक निळ्याऐवजी हिरवी असेल असे द्रव्य मिसळावे. पिवळेपणा हिरव्याला तितकासा अडवीत नाही. पुढील टप्प्यासाठी सर्वांत तीव्र माऱ्याच्या जागी सिलिकॉन आणि सौम्य जागी प्लॅस्टिक, अशी वाटणी ठरली.

या अभ्यासात प्लॅस्टिकचा एक विलक्षण स्वभाव उघड झाला. मारा थांबल्यावर त्याचा काही रंग आपोआप ओसरतो. हवेतील प्राणवायू पृष्ठभागातून हळूहळू आत शिरतो, अस्वस्थ टोकांना शांत करतो, आणि ठोकळ्याची कड स्वच्छ होत होत आतल्या पिवळ्या भागाला वेढत जाते. काही रंग मात्र कायमचा राहतो. आणखी एक गोष्ट अशी, की तीच एकूण मात्रा झपाट्याने दिली आणि संथपणे दिली, तर परिणाम सारखा होत नाही. संथ माऱ्यात प्राणवायूला आत शिरण्यास अवसर मिळतो आणि कायमची हानी पुष्कळदा अधिक होते. प्रयोगशाळेत घाईने घेतलेल्या चाचणीवरून वर्षानुवर्षांच्या माऱ्याचे भाकीत करणे म्हणूनच धोक्याचे असते. मापकाच्या पट्ट्यांनाही हे लागू आहे. ऊन, आर्द्रता, उष्णता आणि मध्ये गेलेला वेळ यांनी त्यांचा रंग ढळतो. यासाठी त्या सीलबंद पाकिटात ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत वाचतात. साबुरोच्या चकतीला उजेडाने विसर पडे. शतकानंतरच्या प्लॅस्टिकलाही विसरण्याची खोड आहेच. फरक एवढाच, की ते किती विसरते हे आता आपल्याला मोजता येते.

रंगाची ही साक्ष अखेरीस पुन्हा रोग्याजवळ आली आहे. १९६५ साली मॅकलॉक्लिन आणि चॉकली यांनी किरणांनी रंग धरणाऱ्या द्रव्यांच्या घन पटलांची वाट दाखविली होती. १९८० नंतरच्या दशकात निघालेल्या पातळ फितींत असे द्रव्य असते, की त्याचे सुटे रेणू किरण लागताच साखळीत गुंफले जातात आणि जवळजवळ रंगहीन फीत निळी होते. धुण्याची गरज नाही, अंधाऱ्या खोलीची गरज नाही. कर्करोगावरील किरणोपचारात शलाका नेमकी गाठीवर पडते की शेजारच्या निरोगी भागावर, हे रोग्याला झोपविण्यापूर्वी अशा फितीवर पाहता येते. ज्या जागी पूर्वी डॉक्टरांचा हात असे, त्या जागी आज ही फीत आहे.

आणि जेथे अशी पट्टी नसते तेथे काय होते, तेही आपण आपल्याच राजधानीत पाहिले आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात एक जुने यंत्र लिलावातून आले. कित्येक वर्षे वापराविना पडलेल्या त्या यंत्रात कोबाल्ट-६० च्या कांड्या आहेत, हे विकत घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. कामगारांनी ते फोडले. एकाने त्यातील चकाकणारा तुकडा पैशांच्या पाकिटात घालून खिशात ठेवला. बेकरेल यांच्या जाकिटाच्या खिशाला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. लोक आजारी पडले, केस गळाले, कातडी काळी पडली, आणि रुग्णालयात ती कातडी पाहून डॉक्टरांना संशय आला तेव्हाच सरकारी यंत्रणा जागी झाली. एक कामगार दगावला. इतर कित्येकांना इस्पितळात राहावे लागले. शंभर वर्षांत काच, चकती, हिराकस, परस्पेक्स, निळी फीत असे साक्षीदार आपण एकामागून एक उभे केले; भंगाराच्या त्या दुकानात त्यांतला एकही नव्हता, आणि साक्ष पुन्हा माणसाच्या कातडीलाच द्यावी लागली.